उंबरठ्याची हद्द



या व्याख्यानमालेत आजवर कवी, समीक्षक, इतिहासाचे अभ्यासक बोलून गेले. त्या रांगेत होमिओपॅथीचा एक डॉक्टर कुठून आला, असे आपल्याला वाटले असेल. मलाही तसेच वाटले होते. मंडळाचे लोक धारला माझ्या घरी आले तेव्हा मी हात जोडून सांगितले, "साहित्यावर बोलण्याइतके माझे वाचन नाही." त्यावर ते म्हणाले, "साहित्यावर नका बोलू. इतकी वर्षे रात्री-बेरात्री लोक तुमचे दार वाजवत आले, त्याबद्दल बोला." म्हणून आज बोलणार आहे ते संकटात हाक मारणाऱ्या माणसाबद्दल आणि त्या हाकेला धावून येणाऱ्यांबद्दल. पोलीस, अँब्युलन्स, सरकारी दवाखान्यातला रात्रपाळीचा डॉक्टर, आणि शेवटी थोडे आपल्याबद्दल. ते शेवटचे कडू लागेल. आमच्या गोळ्या नेहमी गोड असतात, म्हणून आज एकदा कडू द्यायची परवानगी मागतो.

सुरुवात आमच्या धार जिल्ह्यातल्या दोन घटनांपासून करतो. दोन्ही 2022 च्या पावसाळ्यातल्या. 18 जुलैला इंदूरहून अमळनेरला निघालेली महाराष्ट्राची एस.टी. खलघाटच्या पुलावरून नर्मदेत कोसळली. बारा माणसे गेली. आपल्यापैकी कितीतरी घरांची सोयरीक खानदेशात आहे. त्या दिवशी कोणाच्या घरी फोन वाजला की काळजात धस्स होत होते. याला महिना झाला नाही तोच धरमपुरीकडे, कारम नदीवर बांधकाम चालू असलेल्या धरणाला गळती लागली. अठरा गावे रिकामी करावी लागली. लष्कर आले, एनडीआरएफ आले, बाजूने वाट खोदून पाणी काढून दिले. शेतांचे नुकसान झाले, धरण असे कसे बांधले गेले हा प्रश्नही उरला, पण एकाही माणसाचा जीव गेला नाही.

हे मुद्दाम सांगतो, कारण सरकारी माणसाला नावे ठेवणे आपल्याला फार सोपे जाते. जे संकट आवाज करून येते, चारचौघांना दिसते, त्याला तोंड द्यायला आपल्या यंत्रणा बऱ्याच शिकल्या आहेत. मी व्यवसाय सुरू केला तेव्हा खेड्यातला पेशंट ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, कधी बैलगाडीत पडून यायचा. मध्य प्रदेशात 2009 मध्ये 108 ची अँब्युलन्स आली. 1 नोव्हेंबर 2015 रोजी, राज्याच्या स्थापनादिनी, डायल 100 च्या एक हजार गाड्या निघाल्या. फोन कुठूनही करा, तो भोपाळला लागतो आणि तिथून जवळच्या गाडीला निरोप जातो. 2025 च्या ऑगस्टपासून त्याच कामाचा नंबर 112 झाला. ही व्यवस्था परिपूर्ण आहे असे कोणी म्हणणार नाही. आमच्या जिल्ह्यात निम्म्याहून अधिक वस्ती आदिवासी. कुक्षी, गंधवानीकडे एकेक गाव पाच-सात फलियांत विखुरलेले असते, घराला नंबर नसतो. भिलाली बोलणाऱ्या बाईने भोपाळच्या माणसाला आपला पत्ता कसा सांगायचा? तिथे गाडीला वाट दाखवायला शेवटी गावचा कोटवारच लागतो. तरीही गाडी येते, आणि पूर्वी ती येत नव्हती, हे मान्य केले पाहिजे.

प्रश्न आहे तो आवाज न करता येणाऱ्या संकटाचा.

देवासला येऊन 'हद्द' हा शब्द समजावून सांगण्याची गरज नाही. थोरली पाती आणि धाकटी पाती, एकाच गावात दोन राज्ये, दोन कारभार. रस्त्याच्या या बाजूला एक अंमल आणि त्या बाजूला दुसरा. 1948 मध्ये दोन्ही पात्या मध्य भारतात विलीन झाल्या. पात्या गेल्या, पण हद्द काही गेली नाही. ती ठाण्यात जाऊन बसली, दवाखान्यात जाऊन बसली. "ही घटना आमच्या हद्दीतली नाही, त्या ठाण्यात जा." "ही पोलीस केस आहे, आम्ही हात लावणार नाही, इंदूरला न्या." ही दोन वाक्ये ऐकली नाहीत असा माणूस माझ्या वयाच्या पिढीत विरळा.

या हद्दी एकेक करून कशा मोडल्या गेल्या, ते थोडक्यात सांगतो, कारण ते आपल्याला माहीत असणे उपयोगाचे आहे.

पहिली मोडली दवाखान्याची. एका स्कूटरस्वाराला भरधाव मोटारीने उडवले. त्याला जवळच्या इस्पितळात नेले, तर तिथल्या डॉक्टरांनी सांगितले की अशा केसेस घेण्याचा अधिकार वीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या इस्पितळाला आहे. तो वाटेतच वारला. ही बातमी वाचून परमानंद कटारा सर्वोच्च न्यायालयात गेले. 1989 मध्ये न्यायालयाने सांगितले की जखमीचा जीव वाचवणे हे प्रत्येक डॉक्टरचे पहिले कर्तव्य. डॉक्टर सरकारी असो की खासगी, कागदपत्रे नंतर.

दुसरी मोडली रस्त्यावरच्या माणसाची. आग्रा-मुंबई रस्ता आपल्या दाराशी आहे. अपघात झाला की गर्दी जमते आणि हात कोणी लावत नाही, कारण साक्षीला कोर्टाच्या खेपा कोण घालणार? मार्च 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मदत करणाऱ्याच्या संरक्षणाच्या मार्गदर्शक सूचनांवर शिक्कामोर्तब केले. 2019 मध्ये मोटार वाहन कायद्यात 134-अ हे कलमच आले. जखमीला दवाखान्यात पोचवणाऱ्याला नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही आणि थांबवून ठेवता येत नाही.

तिसरी मोडली ठाण्याची. 'झीरो एफआयआर' पूर्वीही होती, पण 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये ती स्पष्ट लिहिली आहे. गुन्हा कुठल्याही हद्दीत घडो, कोणत्याही ठाण्यात खबर देता येते. तिथून ती योग्य ठाण्याकडे पाठवणे हे पोलिसांचे काम.

कागदावर तीन हद्दी गेल्या. व्यवहारात अडथळे आहेत, ते मी रोज पाहतो. जिल्ह्याच्या दवाखान्यात रात्री एकच डॉक्टर असतो. तोच जखम शिवतो, तोच एमएलसीचा कागद लिहितो, आणि पाच-सात वर्षांनी त्याच जखमेच्या साक्षीसाठी दुसऱ्या गावाहून कोर्टात येतो. मोठी केस असली की 'एमवाय रेफर' लिहून मोकळा होतो. आपण त्याला दोष देतो, पण त्याच्या खुर्चीत एक रात्र बसून पाहायला कोणी तयार नसते.

एकदा पहाटे एक हवालदार माझ्याकडे आले. भांडण सोडवताना त्यांच्या हाताला लागले होते. मलमपट्टी करताना मी विचारले, "कुठली केस?" ते म्हणाले, "वही घर, डॉक्टर साब. इस महीने में तीसरी बार." नवरा दारू पिऊन बायकोला मारतो, मुलगी फोन करते, गाडी जाते, नवऱ्याला ठाण्यात आणून बसवतात. सकाळी तीच बायको त्याला सोडवायला येते, कारण दुपारी मुलांना काय खायला घालायचे हा तिचा प्रश्न. हवालदार म्हणाले, "रात का झगड़ा तो हम छुड़ा देते हैं. सुबह का क्या करें?"

या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. गाडी रात्रीसाठी असते. सकाळ कोणाची, हे त्या गाडीवर लिहिलेले नसते.

आता चौथ्या हद्दीकडे येतो. ती आपल्या उंबरठ्याची. त्याआधी माझी स्वतःची एक गोष्ट सांगतो. ती मी आजवर चारचौघांत सांगितलेली नाही.

तीसएक वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. एका जुन्या, मानाच्या मराठी घरातून रात्री मला बोलावणे आले. घर माझ्या ओळखीचे होते, सणावाराला जाणे-येणे होते. सुनेचे मनगट सुजले होते. सासूबाई म्हणाल्या, "जिन्यावरून पाय घसरला." मी औषध दिले, मनगट बांधले, सकाळी एक्सरे काढायला सांगितले आणि केसपेपरवर लिहिले, 'जिन्यावरून पडल्याने'. काही महिन्यांनी पुन्हा बोलावणे आले. या वेळी डोळ्याखाली काळेनिळे होते. न्हाणीघरात घसरली म्हणाले. मी तेही लिहिले. तिसऱ्या वेळी दंडावर भाजल्याची खूण होती, चहाचे आधण सांडले म्हणे. त्या वाड्याचा जिना मी लहानपणापासून चढलो-उतरलो आहे. जिन्यावरून पडलेल्या माणसाला कुठे लागते हे मला वैद्यकीय शिक्षणात शिकवले होते. मला कळत नव्हते असे नाही. पण घर मोठे होते, माणसे चांगली होती, माझे येणे-जाणे होते. 'घरातली गोष्ट' म्हणून मी गप्प बसलो.

त्या मुलीचे नशीब बरे म्हणून तिचे वडील येऊन तिला घेऊन गेले. पुढे तिने शिकून नोकरी केली. खूप वर्षांनी एका लग्नात ती भेटली, वाकून नमस्कार केला. मी ओशाळून विचारले, "रागावली आहेस का माझ्यावर?" ती म्हणाली, "राग नाही, डॉक्टर काका. पण तुम्ही दर वेळी आईंकडे बघून विचारायचात, काय झालं म्हणून. माझ्याकडे बघून एकदासुद्धा नाही विचारलंत."

त्यानंतर मी एक नियम केला. बाईला मार लागलेला असला की बाकी सगळ्यांना बाहेर बसवायचे, मग ते कोणीही असोत. तिला एकटीला विचारायचे, आणि ती सांगेल ते तिच्या शब्दांत लिहायचे. लहान मुलाच्या बाबतीत तर हा चांगुलपणाचा प्रश्नच नाही. 2012 च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे मुलावरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती असून न कळवणे हा गुन्हा आहे, मग तो डॉक्टर असो, मास्तर असो की सख्खा काका.

एकटीला विचारण्याने काय फरक पडतो, याचा पुरावा आपल्याच राज्यात मिळाला आहे. मध्य प्रदेश पोलिसांनी ठाण्यांमध्ये 'ऊर्जा' नावाने महिलांसाठी मदतकक्ष उघडले. 12 जिल्ह्यांतल्या 180 ठाण्यांवर त्याचा शास्त्रशुद्ध अभ्यास झाला आणि 2022 मध्ये तो 'सायन्स' या नियतकालिकात छापून आला. ज्या ठाण्यांत असा कक्ष होता तिथे बायकांच्या तक्रारींची नोंद स्पष्टपणे वाढली, आणि कक्ष महिला पोलिसांकडे होता तिथे एफआयआर अधिक झाले. काही लोक म्हणतील, म्हणजे गुन्हे वाढले. तसे नाही. मार पूर्वीही होता, तो कागदावर आला इतकेच. कोणीतरी खुर्ची दिली, पाणी दिले, विचारले आणि लिहून घेतले. 2021 मध्ये हे कक्ष सुमारे 700 ठाण्यांत नेण्यात आले. मोठी यंत्रे किंवा नव्या गाड्या यात नव्हत्या. एक टेबल, थोडा आडोसा आणि ऐकून घेण्याचे शिक्षण मिळालेली माणसे, एवढेच होते.

आपल्या घरांतली दुसरी झाकलेली गोष्ट म्हणजे जिवाला कंटाळलेले माणूस. मी नाव-गाव न सांगता एवढेच सांगतो की विष घेतलेल्या माणसाला सरकारी दवाखान्यात न नेता रात्री माझ्याकडे आणणारी घरे मी पाहिली आहेत. का, तर "पोलीस केस होईल, घराण्याचे नाव जाईल." तुम्हाला स्पष्ट सांगतो, अशा वेळी माझ्या गोळ्यांचा काही उपयोग नाही. आमच्या माळव्यात गव्हाच्या कोठीत ठेवायच्या विषारी गोळ्यांवर उतारा नाही. तिथे एकेक मिनिट मोलाचे असते आणि ते आपण अब्रू वाचवण्यात घालवतो. ज्याची भीती वाटते तो कायदाही आता तसा राहिलेला नाही. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम 115 ने असे मानले की असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र मानसिक ताणाखाली असतो, त्याला शिक्षा नको, उपचार हवेत. दंडसंहितेतले जुने 309 कलम नव्या न्याय संहितेत त्या रूपात उरलेलेच नाही. थेट मोठ्या दवाखान्यात न्या. आणि त्याआधीचे सांगायचे तर, अशा गोळ्या घरात ठेवूच नका, ठेवल्या तर कुलपात ठेवा. मन फार खचले असेल तर 14416 हा टेली-मानसचा नंबर आहे, तो दिवसरात्र चालतो.

तिसरी गोष्ट आपल्या वयाच्या लोकांची. मुले पुण्याला, बंगळूरला, अमेरिकेला. मोठ्या वाड्यात दोघे, नाहीतर एकटेच. माझ्या माहितीतल्या एका निवृत्त गृहस्थांना फोनवर 'पोलीस' दिसले. खाकी वर्दी, मागे भिंतीवर बोधचिन्ह. "तुमच्या आधारवर गुन्हा नोंदला आहे, तुम्हाला डिजिटल अरेस्ट केली आहे, फोनसमोरून हलायचे नाही." दोन दिवस तो माणूस फोनसमोर बसून होता. आपल्या कायद्यात अशी अटक नावाची गोष्टच नाही, हे सांगायला शेजारी कोणी नव्हते. पैसे गेले. त्याहून वाईट म्हणजे पुढे आठ दिवस त्यांनी ते कोणाला सांगितले नाही, मुलालासुद्धा नाही. "लोक काय म्हणतील, शिकलेला माणूस फसला." अशा फसवणुकीसाठी 1930 हा नंबर आहे. तिथे जितक्या लवकर फोन कराल तितकी पैसे वाटेत अडवण्याची शक्यता जास्त. आठ दिवस लाजेत गेले, तोवर चोर पार पुढे निघून गेले होते.

सून, विष घेतलेले माणूस आणि हे गृहस्थ. तिन्ही ठिकाणी यंत्रणा हजर होती. नंबर होता, गाडी होती, कायदा होता. अडले ते उंबरठ्यावर. आपली घराणी पवारांच्या बरोबर या मुलखात आली, अडीचशे-तीनशे वर्षे झाली. परक्या मुलखात राहायचे म्हणून घरातली गोष्ट घरात ठेवण्याची सवय लागली, आणि त्या सवयीलाच आपण घरंदाजपणा म्हणू लागलो. पूर्वी संध्याकाळी ओट्यावर माणसे बसत. कोणाकडे दोन दिवस दिवा लागला नाही तर ओट्याला कळायचे. त्या ओट्याची आठवण आपण फार काढतो, पण खरे बोलायचे तर त्याच ओट्यावर "तिच्यातच काहीतरी खोट असेल" हेही बोलले जाई. तेव्हा जुने परत आणा असे मी म्हणत नाही. ओट्याची नजर हवी, त्याची जीभ नको.

आम्ही जैन. लहानपणी पाठशाळेत चार दाने पाठ करून घेत. आहारदान, औषधदान, शास्त्रदान आणि अभयदान. औषधदान माझ्या धंद्यातच आहे, म्हणून मला वाटे की एक तरी दान आपल्याकडून होते. आता या वयात वाटते, मी औषध देत राहिलो आणि ज्याची गरज होती ते अभय दिलेच नाही. रात्री दोन वाजता 112 लावणारे माणूस आधी अभय मागत असते, बाकी सगळे त्यानंतर. गाडी ते घटकाभर देऊ शकते, कारण तिला पुढच्या घरी जायचे असते. सकाळचे अभय द्यायला शेजारी लागतो, मावशी लागते, नेहमीचा डॉक्टर लागतो. तुमच्यासारखे मंडळही लागते.

म्हणून मंडळाकडे माझे दोन-तीन लहान हट्ट आहेत. व्याख्यानाचे मानधन घेतले नाही, तेव्हा एवढा हक्क सांगतो. पहिला हट्ट असा की आपल्या सभासदांच्या यादीत जे एकटे राहतात त्यांच्या नावापुढे खूण करा आणि आठवड्यातून एकदा कोणीतरी त्यांच्याकडे जाऊन चहा घ्या. फोन नको, चहाच घ्या. दुसरा हट्ट, गणेशोत्सवात जिथे कार्यक्रमपत्रिका लावता तिथे 112, महिलांसाठी 181, मुलांसाठी 1098, आणि आत्ता सांगितलेले 14416 आणि 1930 हे नंबर मोठ्या अक्षरांत लावा. तिसरा हट्ट बायकांकडे आहे. हळदीकुंकवाला आलेल्या एखाद्या मुलीने भर उन्हाळ्यात लांब बाह्यांचा ब्लाउज घातला असेल तर तिला जरा बाजूला घेऊन विचारा. तिच्याकडे बघून विचारा.

ती काही सांगेलच असे नाही. पहिल्यांदा बहुधा "काही नाही, पाय घसरला" असेच म्हणेल. पुन्हा एकदा विचारा. मी तिन्ही वेळा तिच्याकडे बघून विचारले नाही, म्हणून तुम्हाला सांगण्याचा मला अधिकार कमी आहे हे मी जाणतो. तरीही सांगितले.